दोन चाव्यांचा बंब

मी एक जुना आगीचा बंब आहे, मित्रांनो, आणि थकलो आहे. धावून नव्हे, उभे राहून.

बोस्नियातली यादवी संपली, त्या वर्षी परदेशी पाहुण्यांनी मला आमच्या गावच्या पुलापाशी आणून ठेवले. देणगीदारांच्या नावांची पाटी लांबीला माझ्या शिडीहून थोडी जास्तच होती. नदीच्या एका काठाला क्रोएट, दुसऱ्या काठाला मुसलमान. मी दोघांचा. मला एकाच काठाने बळकावू नये म्हणून दोन्ही काठांच्या पक्षांच्या समितीने मोठ्या शहाणपणाने नियम केला: इंजिनाची चावी क्रोएट काठाच्या विंकोकडे, पाण्याच्या पंपाची मुसलमान काठाच्या चामिलकडे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले.

विंको आणि चामिल एकाच शाळेतले. माझ्या पायरीवर बसून रोज कॉफी प्यायचे आणि आपापल्या पुढाऱ्यांना शिव्या घालायचे. पुढारी मात्र निवडणूक आली की आपापल्या काठाला सांगायचे, "बंब त्यांच्या हाती गेला तर तुमची घरं जळतील!" मते भरघोस पडायची.

एका ऑगस्टात भर दुपारी विंकोच्या काठावरच्या रुझामावशीच्या घराला आग लागली. यादवीत जळलेले ते घर तिने वीट वीट गोळा करून पुन्हा उभारले होते. विंकोने मला तिकडे पिटाळले. बंब आला म्हणून शेजाऱ्यांनी हातातल्या बादल्या खाली ठेवल्या. विंकोने चामिलला फोन लावला.

"चावी घेऊन ये, पळ!"

"अरे, आमच्या पक्षाचा समितीवर बहिष्कार आहे. साहेबांना विचारतो."

"आग साहेबांना विचारून लागली का, गाढवा?"

"पक्षानं दिलेली नोकरी जाईल रे माझी. चार पोरं आहेत पदरात."

विंकोने पंपाच्या कुलपावर हातोडा घातला. पण कुलूपही देणगीतले, भक्कम निघाले. पोटात पाच हजार लिटर पाणी घेऊन मी छप्पर कोसळताना पाहिले. शेवटी चामिल आलाच, परवानगीशिवाय, सायकलवर धापा टाकत. तोवर नुसत्या भिंती उरल्या होत्या.

"मावशी, मी..." तो म्हणाला.

"राहू दे रे," रुझामावशी म्हणाली. "बंब आला नसता, तर शेजाऱ्यांनी विझवली असती."

चामिलची नोकरी गेली. चौकशी झाली. समितीचे प्रथमच एकमत झाले: देखरेखीसाठी तिसरी चावी हवी. ती कुणाकडे, यावरून सध्या दोन्ही पक्षांचा बहिष्कार आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. जपणेच फार झाले. दर वर्षी शांतता दिनाला मला धुऊनपुसून हार घालतात. तुमच्या गावी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याला खुशाल चिखल लागू द्या, पोचे पडू द्या. नव्यासारखा राहिलेला बंब म्हणजे कुणाचे तरी जळलेले घर.