चिंचेनं घासलेली पाटी

"ही पाटी कुणी घासली हो आजी?" हेमलतानं बॅटरीचा झोत सिनेमाच्या प्रोजेक्टरवर धरत विचारलं.

"मीच की. दर खंडेनवमीला चिंच लावून. आमच्या ह्यांचं हत्यार हाय ते," सगुणाबाई कौतुकानं म्हणाल्या.

जुने प्रोजेक्टर ओळखून त्यांची किंमत ठरवणारी हेमलता पुण्याहून मुद्दाम नेऱ्याला आली होती. तिनं उसासा टाकला. कंपनीचं नाव असतं ते पितळी पाटीवरच, आणि ही पाटी इतकी लख्ख की तिच्यात बघून भांग पाडावा. अक्षर मात्र एकही उरलं नव्हतं. सगुणाबाईंनी पाटीवरून बोट फिरवून पाहिलं. नवरा कोंडाजी गेल्यावर त्याची एवढी एक वस्तू त्यांनी जिवापाड जपली होती, आणि तिचं नाव त्यांच्याच हातांनी पुसलं गेलं होतं.

हेमलतानं हार मानली नाही. झाकण उघडून तिनं आतली दातेरी चाकं न्याहाळली.

"वरचं यंत्र जर्मन आहे, उत्तम आहे. दिव्याची पेटी दुसऱ्याच मशीनची. आणि हे पाय?"

"गाडीचा आस हाय. जत्रंत तंबूतला शिनेमा दावायचो, तवा मूळचं पाय मोडलं. ह्यांनी पौडाच्या लोहाराकडनं जोडून घेतलं."

"जुनी यंत्रं जमवणाऱ्या हौशी लोकांना असं जोडकाम नको असतं. वरचं यंत्र तेवढं सोडवून विकलंत, तर चांगले पैसे येतील. बाकी भंगार."

सगुणाबाईंच्या मुलाला, सुनीलला, हेच हवं होतं. प्रोजेक्टर ठेवलेली ही खोली हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्यानं द्यायची ठरली होती.

"दिऊन टाक आई. खोली मोकळी हुईल."

"तोडून द्यायची न्हाई."

"मग ठिवायचं कुटं?"

"माजघरातली माझी खाट काढ. तितं ठिव. मी वसरीला निजंन."

"थंडीत?"

"थंडीत तंबूत निजलीया मी. ह्येच्याच पायाशी."

शिकलेली बाई आईची समजूत घालेल, या आशेनं सुनीलनं हेमलताकडं पाहिलं. ती झाकणाचे स्क्रू एकेक करून घट्ट बसवत होती.

"आजी, यापुढं चिंच नको," ती म्हणाली. "कोरडं फडकं पुरे."

खंडेनवमीला सगुणाबाईंनी सवयीनं चिंच भिजत घातलीच. ती तांब्याच्या हंड्याला लावली. मग माजघरात जाऊन त्यांनी पदरानं पाटी हलकेच पुसली आणि नाव होतं त्या जागी कुंकवाचं बोट टेकवलं.