तिसगावातली आडवी रेघ

आमचे अण्णा, म्हणजे नृसिंह सर, निवृत्त झाले, पण त्यांचं इंग्रजी तपासणं काही थांबलं नाही. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, टेम्पोची पाठ, काहीही चालतं. मला या प्रकाराचा मनस्वी वैताग येतो, पण बापच असल्यामुळे बोलायची सोय नाही.

त्यांचा जुना विद्यार्थी कारभारी याने तिसगावात दुधाचं दुकान काढलं. फीत सरांनीच कापायची, असा त्याचा हट्ट. निवृत्तीनंतर अण्णांना प्रथमच कुणी कुठे बोलावत होतं, म्हणून मीही खूश होते. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री मीच केली.

मुहूर्ताला अण्णांनी कात्री हातात घेतली, वर पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. नव्या पाटीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. वर ‘फार्म फ्रेश मिल्क’, खाली ‘अवर पनीर इज फार्म फ्रेश’.

“वर हायफन राहिलाय,” अण्णा म्हणाले. “फार्म आणि फ्रेश मिळून पुढच्या मिल्कचं वर्णन करतात, म्हणून त्यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ हवी. खाली पनीर आधीच येऊन गेलंय, तिथे नको. चुकीच्या पाटीखाली मी फीत कापणार नाही.”

“सर, राहुकाळ लागंल,” कारभारी रडवेला झाला. “पेंटर पाथर्डीला गेलाय. उद्या मारू की रेघ.”

“मग फीतही उद्या कापू.”

गर्दी चुळबुळायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारभारीचं पडलेलं तोंड बघवेना.

तेवढ्यात त्याची आई, रंगुबाई, पूजेचं ताट घेऊन पुढे आली. तिने सकाळपासून काटा, फ्रीज, दुधाचे कॅन, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं होतं. पाटी तेवढी उंच म्हणून राहिली होती.

“रेघच पायजे ना मास्तर? कुठं ते दावा.”

अण्णांनी बोट दाखवलं. रंगुबाईने कुंकू पाण्यात कालवलं आणि स्टुलावर चढून वरच्या फार्म-फ्रेशच्या मध्ये ठसठशीत रेघ ओढली. अण्णांचा चेहरा खुलला.

“आता खालच्याला कशाला उपाशी ठिवायचं,” म्हणत तिने खालच्या फार्म-फ्रेशच्या मध्येही तशीच रेघ ओढली.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला. पण नव्या दुकानाचं कुंकू पुसणार कोण? जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या रेघा मारलेला माणूस ती तांबडी रेघ बघत उभा राहिला. मग रुमाल खिशात गेला आणि राहुकाळ लागायच्या आत फीत कापली गेली.

“सर, फोटो,” कारभारी म्हणाला. अण्णा पटकन स्टुलावर चढले.

तो फोटो आता दुकानात गल्ल्यावर लावलाय. अण्णा उंच हात करून, पंजा पसरून उभे आहेत. खालच्या ओळीतली रेघ त्या पंज्यामागे पार झाकली आहे. लोकांना वाटतं, सर आशीर्वाद देतायत. दूध घ्यायला आलेली माणसं आधी त्या फोटोला नमस्कार करतात.