थैल्याबाहेरचं शेपूट

मी बाजाराचा थैला बोलतोय. बोलतोय खरा, पण तुम्ही जरा लांबूनच ऐका. मान पुढे काढून आत काय आहे ते बघू नका. बघताय ना? वाटलंच मला. आजवर माझ्याशी गोड बोलायला जो जो आला, त्याचा डोळा माझ्या पोटातच होता.

जन्माने मी थैला नव्हे. कोलकात्यात भवतोष समाद्दार यांच्या सहाव्या मजल्यावरच्या मोठ्या घरात मी पडदा होतो, हिरवी पानं छापलेला, जमिनीपर्यंत लोळणारा. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत माझी नेमणूक होती. तिची शिकवणी चालायची तेव्हा मीही शिकायचो, पण वारा आला की मी खिडकीबाहेर. म्हणून शिक्षण अर्धं राहिलं. त्रिकोणाच्या दोन बाजू मला येतात, तिसरी विचारू नका.

दुसरं एक शिक्षण मात्र पडद्याला पुरेपूर मिळतं. माणसं पडद्याआड जाऊन फोनवर हळू बोलतात. भवतोषबाबू माझ्यात तोंड खुपसून कुणाकुणाला पुढच्या महिन्याचे वायदे करायचे. घर कर्जावर, गाडी कर्जावर, मुलीचं लग्न तर असं वाजतगाजत की वाजंत्रीसुद्धा कर्जाची. त्यात कंपनीने पगार निम्म्यावर आणला. मला संशय होताच, की या माणसाचं घोंगडं कुठंतरी अडकलंय. त्यांच्या बायकोला, कबरीला, माझ्या आधीपासून होता. एक दिवस ती खोलीत आली आणि म्हणाली, "पडद्याखालून तुमच्या चपला दिसतायत. बाहेर या, आणि सगळं मिळून किती ते एकदाच सांगा."

त्यांनी सांगितलं. ती खाली बसली. मग उठून तिने घर विकलं, गाडी विकली, बँकेचं तोंड बंद केलं. तरी खड्डा उरलाच. तो भरला तिच्या थोरल्या भावाने, नृपेनदांनी. व्याज नाही, दर महिन्याला जमेल तेवढा हप्ता. पण गंगेकाठी कोन्नगरला ज्या दोन खोल्या घेतल्या, त्यांचे कागद नृपेनदांच्या कपाटात. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, की उधळपट्टी दिसली तर खोल्या विकून माझे पैसे घेईन, मग तुम्ही कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा.

नव्या घराच्या खिडक्या एवढ्याशा, की एका पडद्यात सगळ्या झाकल्या. उरलेल्या कापडाचा मी झालो. कबरीने दुहेरी शिलाई मारली आणि बाबूंच्या ऑफिसच्या जुन्या टायचे माझे कान केले. जो टाय साहेबापुढे मान हलवायचा, तो आता बटाटे उचलतो. मी त्याला अजून चिडवतो.

कबरीची काटकसर म्हणजे शिस्तीचा मामला होता. कामवाली बंद, पेपर बंद, रिक्षा बंद, दुपारच्या चहातली साखर बंद. मासळी फक्त रविवारी, तीही बारकी मौरला. बाबूंनी सगळं निमूट सोसलं. पेपर ते चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या वाचायला लागले, आणि मालकाने बघितलं की पान न उलटता निघून यायचे. एकच गोष्ट त्यांना सोसेना. आमच्या गल्लीत माणूस सकाळी बाजारातून परततो तेव्हा अख्खी गल्ली त्याचा थैला वाचते. मासळीचं शेपूट बाहेर दिसलं, तर घर बरं चाललंय. नुसता पाला दिसला, तर लोक आवाज खाली आणून तब्येत विचारतात.

त्यातून आमच्या खालीच लाहिडीवहिनींचा व्हरांडा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यात नजर टाकली आणि म्हणाल्या, "काय भवतोषबाबू, वैद्याने मासळी बंद केली वाटतं?"

त्या दिवशी बाबूंचा चेहरा दुधीसारखा फिका पडला. दुसऱ्या दिवशी ते निमाई कोळ्याच्या दुकानापाशी बराच वेळ घुटमळले. निमाई मोठ्या विळीवर रोहू कापत होता. शेपटाचा पंखा तोडून तो बाजूला भिरकावायचा. बाबूंनी इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, ते शेपूट टाकूनच देणार ना. निमाईने त्यांना खालून वर न्याहाळलं. मांजरासाठी का, म्हणाला. बाबू म्हणाले, हो. निमाई म्हणाला, मांजर फार मानी दिसतंय तुमचं.

आणि मग माझ्या पोटात एक अजब प्राणी तयार झाला. खाली दुधीचा तुकडा, त्यात खोवलेलं रोहूचं शेपूट, आणि ते माझ्या तोंडातून हातभर डौलाने बाहेर. मला तर हसू आवरेना; टायचे कान हलत होते ते वाऱ्याने नव्हे. लाहिडीवहिनी व्हरांड्यातून उठून उभ्या राहिल्या. बाबू छाती काढून समोरून गेले, आणि जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर ते शेपूट काढून भुतोपुढे टाकलं. भुतो म्हणजे गल्लीतला बोका. घरात पोचलो तेव्हा माझ्यात फक्त दुधी.

हे रोजचंच झालं. भुतो असा फुगला, की त्याला जिना चढताना दम लागायला लागला. इथं मला पहिल्यांदा संशय आला. दिवसाच्या एका शेपटावर बोका एवढा माजत नाही. पण थैल्याचं कोण ऐकतं?

मला बोक्याचा संशय, तर कबरीला नवऱ्याचा. लाहिडीवहिनी तिला जिन्यात गाठून म्हणायच्या, की रोज एवढा मोठा रोहू येतो तुमच्याकडे, पण तळल्याचा वास कसा नाही हो. कबरी हसून वेळ मारून न्यायची आणि वर येऊन मला हुंगायची. एकदा तिने मला उलटं केलं, तर शिवणीतून एक खवला पडला. रुपयाएवढा. मौरलेचा खवला दिसतसुद्धा नाही. तिने तो पदराच्या टोकाला गाठीत बांधला आणि नवऱ्याला चकार शब्द विचारला नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहायची. बाबू जेवताना बघायची, बाबू झोपले की बघायची. रोहू येतो, घरी पोचत नाही. मग कुणाच्या घरी पोचतो?

शेवटी व्हायचं ते झालं. नृपेनदा हप्ता न्यायला आले. खाली लाहिडीवहिनींनी त्यांना नमस्कार केला आणि कौतुकाने सांगून टाकलं, की तुमचे मेहुणे खाण्याचे मोठे शौकीन, रोज रोहू. नृपेनदा जिना चढले ते तोंड आवळूनच. खाटेवर बसले, आणि खोल्यांचे कागद पिशवीतून काढून मांडीवर ठेवले.

नेमकं त्या दिवशी वहिनींच्या नवऱ्याने, लाहिडीबाबूंनी, बाबूंना दारापासून जिन्यापर्यंत बोलण्यात धरून ठेवलं. अंधाऱ्या वळणावर शेपूट काढायची संधीच मिळाली नाही. आम्ही घरात शिरलो ते शेपूट मिरवतच.

"बघ," नृपेनदा बहिणीला म्हणाले, "मी मधुमेहाची गोळी अर्धी करून खातो, आणि हे रोहू खातात. उद्या गिऱ्हाईक आणतो खोल्यांना."

कबरीने मला हिसकावून घेतलं, शेपूट धरलं आणि ओढलं. शेपूट हातात आलं. त्याच्यामागून काहीच आलं नाही. नृपेनदांनी वाकून माझ्यात बघितलं, मग मला उलटं करून झटकलं. दुधी खाटेवर पडला. त्यांनी तोही फिरवून बघितला.

"बाकीचा मासा कुठाय?"

"दुकानात, दादा," बाबू म्हणाले. "मला एवढाच परवडतो. हा फुकट मिळतो."

कबरीने पदराची गाठ सोडली आणि खवला शेपटाला लावून बघितला. जुळला. तिला हसू आलं का रडू ते मला कळेना. "मला वाटलं, तुम्ही दुसरी चूल मांडलीत."

"दुसरी? अगं, पहिल्या चुलीवर चहा ठेवायलासुद्धा तुझी परवानगी लागते."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. लाहिडीवहिनी आरडाओरडा ऐकून वर येत होत्या. आणि आता बघा, शिस्तीच्या या बाईने काय केलं. झटक्यात दुधी माझ्यात कोंबला, शेपूट त्यात खोवलं, मला दारात टेकवलं आणि म्हणाली, "या ना वहिनी. आज जरा मोठाच मिळाला, आमच्या दादासाठी." नृपेनदांनी एकदा शेपटाकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग कागद पिशवीत सरकवत म्हणाले, "डोकं मात्र मला वाढ."

दुपारी ते दुधीची भाजी जेवून गेले. खोल्या वाचल्या. संशय मात्र त्यांचा गेला नाही. पुढचा प्रत्येक हप्ता न्यायला आले की आधी मला झटकून बघायचे.

गेल्या थंडीत शेवटचा हप्ता फिटला आणि कागद घरी आले. त्या सकाळी बाबू निमाईकडे गेले आणि अख्खा रोहू मागितला. निमाई म्हणाला, मांजर आज शेपटावर भागवत नाही वाटतं. तो मासा कापत होता, एवढ्यात लाहिडीबाबू आले आणि त्यांनी आपला थैला माझ्याशेजारी टेकवला. बाहेर छान शेपूट. मी आत बघितलं. हो, मीसुद्धा! खाली दुधी.

भुतो का फुगला ते तेव्हा कळलं मला.

बाबूंनीही बघितलं. लाहिडीबाबूंचं शेपूट एका बाजूला कलंडलं होतं. बाबू खाली वाकले, ते सरळ केलं आणि हळूच म्हणाले, "दादा, दुधीत ढिलं बसतं. लाल भोपळ्यात खोवा, घट्ट राहतं."

लाहिडीबाबू निमाईच्या तराजूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाल भोपळा महाग आहे हो."

बाबूंनी आपला खरा मासा माझ्या तळाशी ठेवला आणि वर मायाळूचा पाला पसरला. दोघे बरोबर परतले. व्हरांड्यातून वहिनींनी नवऱ्याचं शेपूट बघितलं, आमचा पाला बघितला, आणि आवाज खाली आणून बाबूंची तब्येत विचारली. बाबू म्हणाले, "ठीक आहे वहिनी, आज जरा पोटाला आराम." भुतो मात्र लाहिडींच्या शेपटाला ओलांडून, धापा टाकत, माझ्यामागे आमच्या दारापर्यंत आला.

आता माझा रंग उडालाय, एक कान तुटायला आलाय, तळाला ठिगळ आहे. आणखी एखादा पावसाळा काढीन, मग फडकं होऊन फरशी पुसायची. तोवर एक करा. रस्त्यात कुणाचा थैला दिसला तर शेपटावरून माणसाचा हिशोब मांडू नका. आणि आत डोकावायचं नाही म्हणून सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी तुम्ही मघापासून डोकावताय.

बघा मग. आज दुधीच आहे.