ऐंशीच्या सुताचा नंबर

कलावती गेली हे पंढरीनाथला एका खुणेवरून कळलं. भिवंडीच्या त्या यंत्रमाग कारखान्यात चोवीस लूम एकदम चालू असली की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून कामगारांनी हातांच्या खुणा करून ठेवल्या आहेत. त्या मंगळवारी दुपारी कांडी भरणारी ठमाबाई कलावतीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती. छातीत जळजळतंय, एवढंच कलावती म्हणाली होती. जाताना नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा. बीम उघडं टाकून दोघांनी कशाला जायचं?"

तो थांबला.

चार वाजता ठमाबाई एकटीच परत आली. दारात उभी राहिली आणि तळहात पालथा करून खाली दाबला. लूम बंद पडलं की करतात ती खूण. पंढरीनाथने आधी लूमांकडेच पाहिलं, कुठलं बंद पडलं म्हणून. सगळी चालू होती.

दोघा नवराबायकोचं काम जोडीचं होतं. नवं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, लूमवर चढवण्याआधी त्याचा एकेक धागा राचेच्या, म्हणजे लूमवरच्या चौकटीच्या, तारांमधल्या बारीक भोकातून ओवावा लागतो. एकाने मागून धागा द्यायचा, दुसऱ्याने पुढून हूक घालून ओढायचा. पंढरीनाथ मागे बसायचा. धागा देणं बोटांवर होतं, त्याला नजरेची गरज पडत नाही. पुढे कलावती. बावीस वर्षं असंच चाललं. त्याची जवळची नजर कधीच गेली होती, पण तिच्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

शेवटचं बीम ऐंशी नंबरच्या सुताचं होतं. चार हजार दोनशे धागे. निम्मे झाले आणि ती उठून गेली.

सातव्या दिवशी जलदान विधी झाला. मुलगी धम्मदिना नाशिकला परत गेली, तिथल्या दवाखान्यात तिची ड्युटी होती. दुसऱ्या दिवशी पंढरीनाथ कारखान्यात गेला. बीम कोपऱ्यातल्या पार्टिशनआड, लूमांचा आवाज जरा कमी येतो तिथे, चादरीखाली तसंच होतं.

"चाचा, अफसोस हुआ," कारखान्याचे मालक रियाजसेठ म्हणाले. "आप आराम करो. ये बीम विठू और नवशा भर देंगे."

"न्हाय सेठ. इसको कोई हात मत लगाव. मैं भरूंगा."

"आप? हूक से?"

"हूक से."

सेठने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "माल लेनेवाली पार्टी रोज फोन करती है. अगले जुमे तक रुकता हूँ. सनीचर को दूसरी जोड़ी बैठेगी."

दुसऱ्या कोणी हे बीम भरलं असतं तर तिचं काम कुठे संपलं ते कोणाला सांगता आलं नसतं. चार दिवसांत कापड होऊन गेलं असतं. पंढरीनाथला हे कोणाला समजावता येत नव्हतं, म्हणून तो समजावत नव्हता. त्याला फक्त दिसायला हवं होतं.

रस्त्यावरचा तयार चष्मा त्याने लावून पाहिला. त्यात एका धाग्याचे दोन दिसत होते. बाजारातला चष्मेवाला म्हणाला, हा तिरका नंबर आहे, काचा मागवायला आठवडा लागेल. तेव्हा त्याने धम्मदिनाला फोन केला. कलावतीने दोन महिन्यांपूर्वी त्याला शिबिरात नेऊन डोळे तपासून आणले होते. कागद डब्यात होता.

"फोटो पाठवा ना, बाबा."

"माझा फोन बटणांचा हाय. वाचून दावतो. अक्षरं मोठी हायेत."

उन्हात कागद हातभर लांब धरून त्याने वाचलं. धम्मदिना मोबाईलवर चष्म्याची ऑनलाइन ऑर्डर भरत गेली. आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा. अधिक की उणे, ते नीट बघा. सिलिंड्रिकल, म्हणजे तो तिरका नंबर, दीड, त्यापुढचा आकडा अ‍ॅक्सिस, तो चुकला तर धागे डबल दिसतील. दोन बाहुल्यांमधलं अंतर बासष्ट. सगळं त्याने दोनदा वाचलं.

"आता अ‍ॅड. म्हणजे लांबच्या नंबरात जवळसाठी जेवढा मिळवायचा तो. किती लिहिलाय?"

कागदावर दोन लिहिलं होतं. दोनने पंढरीनाथचं मन भरेना. सुतात वीस नंबर म्हणजे जाड, चाळीस मध्यम, ऐंशी म्हणजे केसासारखं. नंबर जेवढा मोठा तेवढं बारीक. जन्मभर त्याने हेच पाहिलं होतं. दोन नंबर पेपर वाचणाऱ्यांना ठीक, ऐंशीच्या सुताला दोन कसा पुरेल?

"चार," तो म्हणाला.

"चार? एवढा नसतो, बाबा. नीट बघा."

"चारच हाय."

"बरं." तिचा आवाज थकलेला होता. "मानकोलीच्या गोदामातून निघेल. तीन दिवस."

चष्मा आला तो बुधवारी. गुरुवारी सकाळी तो बीमपुढे बसला, कलावतीच्या जागी. रात्रीची शिफ्ट सुटल्यावर धागा द्यायला ठमाबाई मागे बसली.

"दिसतंय का, दादा?"

समोर नुसतं धुकं होतं. तो पुढे वाकला, अजून वाकला. नाक तारांपासून वीतभर अंतरावर आलं तेव्हा भोक दिसलं, आणि इतकं स्वच्छ दिसलं की त्याला रडू आलं. पण तेवढ्या जागेत कोपर दुमडून हूक आत जाईना. मागे सरला की पुन्हा धुकं.

"अवं, ओवताय का तारांचा मुका घेताय?" ठमाबाई म्हणाली. तो हसला नाही.

दुपारपर्यंत त्याने अंदाजाने चाळीस धागे ओढले. ठमाबाईने पुढे येऊन पाहिले. सतरा चुकीच्या तारेत गेले होते.

"काढा हे सगळे, दादा. असं कापड निघालं तर तिचंच नाव खराब व्हईल."

त्याने चाळीसही काढले. बाहेर येऊन फोन लावला.

"धम्मे, कागदावर दोन होतं. मी चार सांगितलं."

"का, बाबा?"

त्याने सुताचं सांगितलं.

"चष्म्याचं तसं नसतं, बाबा. अ‍ॅड वाढवला की जास्त बारीक दिसत नाही, वस्तू अजून जवळ धरावी लागते, एवढंच. तुमचा हात जिथवर काम करतो तिथलं दिसायला दोनच हवा होता." ती रडत होती. "दुसरा मागवते. पण सोमवारी येईल."

पंढरीनाथ सेठकडे गेला. सोमवारपर्यंत थांबा म्हणाला. पाया पडायला वाकला तेव्हा सेठने त्याला दंडाला धरून उभं केलं. "ऐसा मत करो, चाचा. पार्टी ने गाड़ी बोल दी है. मेरे हाथ में होता तो रुकता."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. वॉचमनने त्याला आत सोडलं. लूम बंद होती, त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चष्मा खिशात ठेवून तो बीमपुढे बसला आणि तिने ओवलेल्या धाग्यांवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत एकेक मोजत गेला. बोटांना सगळं नीट लागत होतं. एकही तार सुटलेली नव्हती. एकदा त्याने नुसत्या बोटांनी पुढचा धागा घालून पाहिला. भोक सापडलं, पण धागा वाकला आणि गेला नाही. दहा वेळा केलं. दहाही वेळा गेला नाही.

कलावतीचा शेवटचा धागा एकवीसशे सहावा आहे. विठू आणि नवशा उद्या सकाळी आठला येतील. पुढचे दोन हजार चौऱ्याण्णव धागे ओवायचे राहिले आहेत.