आईचं मनगट

नारीन गावात हाडांचा डॉक्टर म्हणून मला चौदा वर्षं झाली. भिंतीवर पदवी आहे, परवाना आहे, एक्स-रेचं मशीन आहे. आणि लोक जातात कुठे, तर हाडं बसवणाऱ्या उरुमकानकडे. बाईने शाळेचं तोंड पाहिलं नाही. मोडलेल्या हाडाला हात लावण्याआधी पुटपुटते, "माझा हात नव्हे, उमाईआईचा हात." उमाईआई म्हणजे आमच्याकडची जुनी देवी. माझा नुसता जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यात आई बर्फावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. ती माझ्या दवाखान्यावरून चालत उरुमकानकडे गेली.

"अगं, पोटचा पोरगा हाडांचा डॉक्टर, आणि तू तिच्याकडे?"

"तुझा हात जड आहे रे, तोलोगोन. मेंढरू धरल्यासारखं माणूस धरतोस. चहा घे, निवतोय."

मी त्याच आठवड्यात तक्रार केली. परवान्याशिवाय वैद्यकी केली तर दंड, आणि त्यातून इजा झाली तर तुरुंग. दंडाने माझं समाधान होणार नव्हतं. महिन्याभराने आईला गोड बोलून मशीनखाली बसवलं. हाड इतकं सरळ जुळलं होतं, की मलाही तसं बसवता आलं नसतं. ती फिल्म मी खणात कोंबली, दुसऱ्याच कुणाची वाकडी फिल्म जोडली आणि अहवाल लिहिला: मूठ वळत नाही. गावात हाडांचा दुसरा डॉक्टर नाही, त्यामुळे सही माझीच.

कोर्टात न्यायाधीशांनी उरुमकानला विचारलं, "यांचं मनगट तुम्ही बसवलंत?"

"मी नाही, साहेब. उमाईआईने."

"मग समन्स तिला काढू का?"

"काढा की. ती येईल."

लोक हसले. मी बसवलं, चुकलं, माफ करा, एवढं म्हणाली असती तर साहेब नरमले असते. पण 'मी' म्हटलं की हाताचा गुण जातो, असं ही हाडं बसवणारी माणसं मानतात. तिने शेवटपर्यंत 'मी' म्हटलं नाही.

मग साहेब आईकडे वळले. "आजी, अहवालात आहे ते खरं का? मूठ वळत नाही?"

त्याच सकाळी आईने दोन्ही हातांनी सात रोट्यांचं पीठ मळलं होतं. तिने साहेबांच्या हातातल्या कागदावरची माझी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. कागद खोटा ठरला तर आत कोण जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"नाही वळत," ती म्हणाली.

उरुमकान तिच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर पडताना आईने डोक्याचा रुमाल सोडून हात गळ्यात बांधला. लोकांना दाखवायला असेल, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी दार लावून घेतलं.

"आता सोड तो हात. इथे कोण बघतंय?"

"तूच लिहिलंस ना, वळत नाही म्हणून," आई म्हणाली आणि डाव्या हाताने तिने माझ्यापुढे ताट सरकवलं.