स्वच्छ हात

मिस्त्रींनी लाकडी घोड्याच्या मानेवर हातोडा घातला. पहिल्या घावात मान लोंबकळली, दुसऱ्यात घोडा आडवा झाला. लाल रंगाचे टवके अंगणभर उडाले.

"बाबा, जरा हळू," सून दारातूनच म्हणाली. "विष त्या रंगातच असेल तर?"

मग मिस्त्रींनी गुडघ्यांवर बसून एकेक टवका वेचला. त्यांना घोड्याचा राग आला होता, विकणाऱ्याचा तर त्याहून जास्त. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नातीच्या रक्तात शिसं आहे. म्हणूनच पोट दुखतं, म्हणूनच ती चिडचिडते आणि शिकलेले शब्द विसरते. घरभर गरगर फिरते म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. हल्ली ती भिंतीला टेकून बसलेली असायची.

घोड्यानंतर पाळी आली पलंगाच्या रंगाची, मग जुन्या भांड्यांची, मग नळाच्या पाइपाची. सगळं बदललं. खेळणीवाल्याच्या दुकानात जाऊन मिस्त्री त्याच्या सात पिढ्या उद्धरून आले. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण ते तेव्हा कोणाला माहीत होतं?

स्वतः मिस्त्री मात्र स्वच्छतेचा कळस होते. मातीचे उंचवटे टपाटप ओलांडणाऱ्या शर्यतीच्या मोटरसायकली दिवसभर उघडायच्या, जोडायच्या, पण घरी येताना नखातही काळं दिसायचं नाही. भिंगरी जन्मली तेव्हा सुनेने एकच अट घातली होती, काळ्या हातांनी बाळाला घ्यायचं नाही. सासऱ्यांनी ती वेदवाक्यासारखी पाळली. बक्षीसही तसंच मिळालं. आजोबांचा अंगठा तोंडात असल्याशिवाय नात झोपत नसे. आईने पदराखाली घेतलं तरी उपयोग नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कमी नाही झालं. वाढलंय."

सुनेने खुर्चीची कड घट्ट धरली. मिस्त्रींच्या मांडीवर भिंगरी पेंगत होती. त्यांनी सवयीने अंगठा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरून तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"घरात कोण काय काम करतं?" बाईंनी विचारलं.

"मुलगा कापडदुकानात आहे. मी गाड्या दुरुस्त करतो."

"मिस्त्री? हात बघून वाटत नाही."

मिस्त्री खुलले. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी काही चांगलं बोललं होतं.

"सूनबाईला काळे हात चालत नाहीत. साबणाने ग्रीस कुठलं निघायला? पेट्रोलने धुतो. तेही साधं नाही हं. शर्यतीच्या गाडीच्या टाकीत उरतं ना, ते. साध्या पेट्रोलवर ती इंजिनं चढावाला खडखडतात, म्हणून पोरं खास डबे मागवतात. मग बघा, इंजिन कसं लोण्यासारखं चालतं. त्यात..."

ते थांबले.

डब्यावरचं ते कवटीचं चित्र, ती सूचना, ते कित्येकदा ऐकलेलं शर्यतवाल्यांचं बोलणं. सगळं त्यांना ठाऊक होतं. पण ते इंजिनाचं होतं, टाकीचं होतं. घराशी त्याचा काय संबंध?

"त्यात काय?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"शिसं," मिस्त्री म्हणाले.

बाईंची नजर खाली गेली. मग सुनेची. सगळ्यात शेवटी मिस्त्रींनी स्वतः मांडीकडे पाहिलं. भिंगरीचे गाल लयीत हलत होते.

त्यांना अंगठा ओढून घ्यायचा होता, पण हात उचलेना. शेवटी सुनेनेच वाकून लेकीचा जबडा हलक्या हाताने उघडला आणि अंगठा सोडवला. तो ओला होता, गोरापान, एक डाग नसलेला.

"मीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "हात धुऊन घ्या म्हणून."

मिस्त्रींनी तो हात पाठीमागे नेला. भिंगरी जागी झाली नाही. झोपेतच तिने तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग तिची बोटं आजोबांच्या सदऱ्यावरून त्यांचा हात शोधू लागली.