लाल चिंधी सोडलेली बाटली

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला जाकीरचं सीट कव्हरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, वर पत्रे, खाली एक शिलाई मशीन आणि रेक्झीनचे गठ्ठे. पण जुन्या गाडीवाल्यांना दुसरा माणूस ठाऊक नव्हता. त्या दिवशी सकाळी आला तो गोकुळ. अठरा वर्षांची पांढरी गाडी, आणि आला कशासाठी, तर एका फुटक्या कप होल्डरसाठी!

"हसू नका जाकीरभाई," गोकुळ म्हणाला. "परवा बाटली लोळत लोळत ब्रेकखाली गेली. ब्रेक दाबतो तं दबेच ना! थोडक्यात वाचलो ना बाप्पा."

मागच्या सीटवर त्याची बायको कोकिळा होती आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची छकुली. कोकिळाच्या माहेरी, वरवट बकालला चालले होते. जाकीरने वाकून बघितलं. तसला होल्डर आता बाजारात मिळणं शक्य नव्हतं. "नाश्ता करून या," तो म्हणाला, "तोवर मी माह्या हातानं बनवतो." गोकुळने आपला फोन दुकानात चार्जिंगला लावला आणि तिघं समोरच्या हॉटेलात गेले.

जाकीरने प्लास्टिकच्या जाड पाइपाचा तुकडा कापला, आतून रेक्झीन चिकटवलं आणि गिअरच्या पुढे घट्ट बसवला. सोल्यूशन सुकेपर्यंत आत एखादी बाटली दाबून ठेवायला हवी होती, म्हणजे आकार धरतो. हात लांब केला तो बाकावरच्या बाटलीवर पडला. आंब्याच्या सरबताची बाटली. आत मात्र सरबत नव्हतं.

जाकीरचं दोन एकर कापसाचं शेत होतं आणि त्याला लागून मोतीरामचं. दोघं मिळून फवारणीच्या औषधाचा एक डबा आणायचे आणि अर्धं अर्धं रिकाम्या बाटल्यांत ओतून घ्यायचे. सगळा मुलूख असंच करतो. फक्त बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, मग दारूच्या नशेतला माणूससुद्धा तिला हात लावत नाही. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा सांगितलं होतं, आता फवारणीची कटकट मिटली. मिटलीही चार वर्षं. आणि आता बोंडाबोंडात गुलाबी अळी! दिवाळीच्या आधीच चार फवारण्या झाल्या होत्या. अंगाला, कपड्याला, भाकरीला, सगळ्याला तोच उग्र वास.

चिंधीची गाठ होल्डरच्या काठाला अडत होती. जाकीरने गाठ सोडली, चिंधी खिशात टाकली आणि बाटली दाबून बसवली. दहाच मिनिटांचं काम. तेवढ्यात एक ट्रकवाला आला आणि फाटक्या सीटवरून भांडायला लागला. त्याच्याशी तोंड चाललं असतानाच गोकुळने गाडीत बसून हॉर्न दिला.

"झालं का जाकीरभाई?"

"झालं झालं! ट्रकची धडक लागू दे, बाटली हालनार नाई!" जाकीर मान न वळवताच ओरडला. गाडी गेली. अहो, ज्या तोंडाने बाटलीची बढाई मारली, त्याच तोंडाने आठवू नये?

अर्ध्या तासाने मोतीराम आला. "अबे जाकीर, पंपात पानी भरून ठेवलं मी. माह्या वाट्याचं औषध दे."

"घे ना, बाकावर हाये."

"कोठी हाये?"

जाकीरने बाकाकडे पाहिलं. बाक मोकळा होता. हात आपोआप खिशात गेला आणि बोटांना चिंधी लागली.

  "मोतीराम, त्या गाडीत लेकरू हाये बे," एवढंच बोलून जाकीरने गोकुळचा नंबर लावला. रेक्झीनच्या गठ्ठ्याआडून फोन वाजला. गोकुळचा फोन त्याच्याच दुकानात होता.

मोटारसायकलला किक कशी मारली, नांदुरा कधी गेला, वरवट बकालच्या रस्त्याला कधी लागला, त्याला कळलं नाही. मागच्या महिन्यात फवारणीला गेलेल्या एका मजुराला त्याने स्वतः खाटेवर उचलून ठेवलं होतं. त्या माणसाच्या तोंडातून येणारा फेस, ती फिरलेली बुबुळं. आता दर किलोमीटरला त्याला तोच चेहरा दिसत होता, फक्त लहान झालेला. रस्त्याकडेला चार माणसं गोळा झालेली दिसली की तो ब्रेक दाबायचा. जवळ गेलं की कळायचं, बसची वाट बघताहेत. "या अल्लाह, माहं काय करायचं ते कर, पण त्या लेकराले काही होऊ नको देऊ," तो मोठमोठ्याने बोलत होता आणि वारा ते तोंडातच कोंबत होता.

पूर्णा नदीचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या बाभळीखाली, चहाच्या टपरीजवळ, ती गाडी दिसली. चारही दारं उघडी.

झालं असं होतं की छकुलीने सरबताचा हट्ट धरला होता. गोकुळला वाटलं, जाकीरभाईंनी पोरीसाठी ठेवलं असेल. चालवता चालवता त्याने बाटली ओढली, निघेना. गाडी थांबवून दोन्ही हातांनी ओढली, तरी निघेना. सोल्यूशन इतकं ओतलं होतं की बाटली होल्डरला चिकटून बसली होती. मग त्याने जागेवरच झाकण उघडलं आणि कोकिळाने टपरीवरून एक नळी आणली.

जाकीर पोचला तेव्हा छकुली सीटवर गुडघे टेकून वाकली होती. नळीचं एक टोक बाटलीत, दुसरं तोंडात.

 मोटारसायकल तशीच टाकून तो धावला आणि फाडकन नळी उडवली. त्याचा हात पोरीच्या गालावर बसला. छकुलीने भोकाड पसरलं.

"काऊन बे! माह्या पोरीले मारतं?" गोकुळने त्याची कॉलर धरून त्याला गाडीवर आदळलं. "पागल झाला का तू?"

 जाकीरने खिशात हात घातला आणि लाल चिंधी काढून पुढे धरली.

कोकिळाने चिंधी पाहिली, बाटली पाहिली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने अशी किंकाळी फोडली की टपरीवाला हातातली चहाची किटली टाकून धावत आला. तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं, जीभ पुसली. "पेली का माय? सांग ना! पेली का?" पोर नुसती रडत होती. नळी धुळीत पडली होती, ओली होती की कोरडी, आता कोण सांगणार?

"झाकण उघडलं तं वास नाई आला तुले?" टपरीवाल्याने विचारलं.

"कालच याच गाडीत फवारणीचे पंप नेले," गोकुळ म्हणाला. "महिन्यापासून नाकाले दुसरा वास कोठी हाये?" आणि त्याने जाकीरची कॉलर सोडली.

सगळ्यांना घेऊन गोकुळने गाडी नांदुऱ्याच्या दवाखान्याकडे वळवली. जाकीरने झाकण गच्च आवळलं होतं आणि तो पुढच्या सीटवर बसून बाटलीकडे बघत होता. खड्ड्यांत सगळी गाडी खडखडत होती. बाटली खरंच हलत नव्हती. मागून कोकिळा पोरीला सारखी हाका मारत होती, "छकुले, झोपू नको. माह्याकडं पाह्य." तिच्या प्रत्येक हाकेनंतर छकुली ओ देईपर्यंत जाकीर मनात आकडे मोजत होता.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबलं, दोन तास बसवून ठेवलं. जाकीर दाराबाहेर जमिनीवर बसला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलेलं नाही. आतून छकुलीचा आवाज आला, "मले बिस्कीट पायजे." ते ऐकून जाकीर ओंजळीत तोंड घालून लहान पोरासारखा रडला.

मग तो उठला, गाडीजवळ गेला आणि खिशातल्या पात्याने होल्डर मुळापासून कापून बाटलीसकट बाहेर काढला. बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधली. एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, तरी त्याचं समाधान होईना.

गोकुळ मागे येऊन उभा राहिला होता. 

"दुसरा होल्डर..." जाकीर म्हणाला, "चांगला बनवून देतो, भाऊ. पानी ठेवाले काहीतरी लागनच ना."

कोकिळा पोरीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरत होती. तिने ते ऐकलं.

"नको," ती म्हणाली. "पानी माह्या हातात राहीन."